हाड मोडले, पण आकडा तर बरा होता!

साठी ओलांडलेली बाई न्हाणीघरात घसरते, तोल सावरायला हात टेकते आणि मनगट मोडते. अस्थिघनतेच्या तपासणीत टी-स्कोअर मात्र उणे २.५ पर्यंत, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसच्या रेषेपर्यंत, घसरलेला नसतो. मग हाड मोडले कसे? घनता फक्त हाडात खनिज किती आहे ते सांगते. हाडाच्या आतली जाळी कशी विणली आहे, यावरही त्याची ताकद ठरते.

अशी वेडीवाकडी रचना मोजायला फ्रॅक्टल भूमिती उपयोगी पडते. समुद्रकिनाऱ्याची लांबी मोजपट्टीवर अवलंबून असते, हे बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६७ मध्ये मांडले. पट्टी जितकी लहान, तितकी जास्त वळणे मोजली जातात आणि लांबी वाढते. गुळगुळीत पृष्ठभागाची मिती २ असते. खडबडीत पृष्ठभागाची २ आणि ३ च्या मध्ये येते.

१९८४ मध्ये मँडेलब्रॉट आणि सहकाऱ्यांनी हे माप तुटलेल्या पोलादाला लावले. तुटलेल्या बाजूवर निकेलचा थर चढवून ती हळूहळू घासली. पोलादाचे उंचवटे बेटांसारखे वर आले. त्या बेटांच्या परिघावरून आणि क्षेत्रफळावरून मिती काढली. जे पोलाद तोडायला जास्त ऊर्जा लागली, त्याची मिती कमी निघाली. तुटलेला तुकडा पाहून धातूचा चिवटपणा सांगता येईल, अशी आशा निर्माण झाली. पण १९९० मध्ये फ्रेंच संशोधकांनी अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूवर प्रयोग केले. चिवटपणा वेगवेगळा असूनही मिती जवळपास सारखीच आली. एका आकड्यावर विसंबता येत नाही, हा त्यातला धडा.

हाडांच्या बाबतीत तुटण्याची वाट पाहून चालत नाही. म्हणून टाचेच्या किंवा मनगटाच्या एक्स-रेमधील जाळीची फ्रॅक्टल मिती काढण्याचे प्रयत्न झाले आहेत. मात्र एक्स-रेची प्रत आणि गणिताची पद्धत बदलली की आकडाही बदलतो. त्यामुळे ही मिती घनतेच्या तपासणीची जागा घेऊ शकत नाही.

पन्नाशीनंतर उभ्या उंचीवरून पडून हाड मोडले, तर तोच एक इशारा समजावा. प्लास्टर निघाले म्हणजे उपचार संपले, असे नाही. अहवालातला आकडा बरा असला तरी ‘हाड एवढ्याशा पडण्याने का मोडले?’ हे डॉक्टरांना जरूर विचारावे. पुढचे फ्रॅक्चर कदाचित खुब्याचे असेल. ते टाळण्याची संधी याच वेळी असते.