देवळा : लिहिताना तीन, बोलताना दोन

आपल्या गावाचे नाव लिहिताना अक्षरे तीन : दे-व-ळा. बोलताना मात्र 'देव्-ळा' असे दोनच उच्चारखंड होतात. 'व'मधील 'अ' लोपतो. फ्रेंचमध्येही असेच घडते. तेथील शनिवार म्हणजे 'सामदी'. लेखनात त्याचे सा-म-दी असे तीन खंड, बोलण्यात 'साम्-दी' असे दोनच; आघात अखेरच्या 'दी'वर. परंतु लोपलेला हा स्वर काव्यात परत येतो. अभिजात फ्रेंच पद्यात तो मोजतात. आपल्या अक्षरगणवृत्तांतही 'देवळा' म्हणजे गुरु-लघु-गुरु, अर्थात 'र' गण. म्हणूनच वृत्तबद्ध कविता बोलण्याच्या ढंगात वाचली, की लघू अक्षर हरवते आणि चाल मोडते. विद्यार्थिमित्रांनो, काव्यवाचनापूर्वी अक्षरे बोटांवर मोजून पाहावीत. अर्थ कळूनही लय निसटली, तर कविता अर्धीच पोहोचते.