शेवटचा दगड आनेट नॉरबर्गचा

कर्लिंगमध्ये माझी सर्वांत आवडती कर्णधार स्वीडनची आनेट नॉरबर्ग. जन्म १९६६चा, पेशाने विमागणितज्ज्ञ. बर्फावरून सुमारे २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड सरकवताना तिचा हिशेब क्वचितच चुकायचा.

२००६, तुरिन ऑलिंपिक. स्वित्झर्लंडविरुद्धची अंतिम लढत बरोबरीत सुटून जादा एंडमध्ये, म्हणजे जादा डावात, गेली. शेवटचा दगड आनेटच्या हाती होता. तिने एकाच फटक्यात प्रतिस्पर्ध्यांचे दोन दगड उडवले आणि ७-६ अशी जिंकली! इतक्या दडपणाखाली असा फटका निवडायलाच मोठं धाडस लागतं. तिची धाकटी बहीण कॅथरीन लिंडाल याच संघात होती.

चार वर्षांनी व्हँकुव्हरलाही फायनल जादा एंडमध्ये गेली. समोर यजमान कॅनडा, स्टेडियम त्यांच्याच बाजूने. या वेळी शेवटचा दगड कॅनडाचा होता, तो हुकला, आणि स्कोअर पुन्हा ७-६. कर्लिंगमध्ये ऑलिंपिक सुवर्ण राखणारी आनेट पहिली कर्णधार ठरली.

त्यानंतर तो जुना संघ मोडला. मला तिचं खरं मोठेपण इथे दिसतं: वयाने कितीतरी लहान मुली घेऊन तिने नवा संघ उभारला आणि २०११मध्ये डेन्मार्कमधल्या एस्बियर्गला तिसऱ्यांदा जागतिक विजेतेपद पटकावलं. तेव्हा ती ४४ वर्षांची होती.