पडद्यावरची दुसरी फळी : ललिता पवार आणि एका थपडेची दंतकथा

चरित्र अभिनेत्यांवरच्या या लेखमालेत ललिता पवार यांची पाळी येणारच होती, आणि त्यांच्याबरोबर ती थप्पडही येणार होती. १९४२ साली ‘जंग-ए-आझादी’च्या चित्रीकरणात भगवानदादांनी प्रसंगाची गरज म्हणून मारलेली थप्पड जरा जास्तच जोरात बसली, चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली, उपचार लांबले आणि डावा डोळा कायमचा बारीक झाला. ही हकिगत खरी आहे, अपघात होता हेही खरं. पण तिच्या शेपटाला एक निष्कर्ष चिकटवून दिला जातो: त्या थपडेनं नायिका मारली आणि खाष्ट सासू जन्माला घातली. हा निष्कर्ष मला पटत नाही. नायिकेचं दार त्या दिवशी लवकर बंद झालं असेल, पण पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं जे पडद्यावर दिसलं ते त्या अपघाताचं देणं नव्हतं. त्याचा बराचसा साठा अपघाताच्या आधीच जमा झालेला होता.

येवल्यात १८ एप्रिल १९१६ रोजी जन्मलेली अंबिका सगुण ही मुलगी पुण्याच्या आर्यन फिल्म कंपनीत मूकपटांच्या काळात, अगदी लहान वयात दाखल झाली. मूकपटाची तालीम म्हणजे काय, हे आज आपल्या ध्यानात येत नाही. तिथे वाक्य नाही, आवाजाचा चढउतार नाही. राग, लाज, कपट, भूक, सगळं मान, खांदे, बोटं आणि चालीतून पोचवायचं. बोलपट आला तेव्हा ज्यांना बोलता येईना ते मागे पडले. या बाईंना बोलता तर येत होतंच, वर त्या गातही होत्या. १९३७ मध्ये त्यांनी टॉलस्टॉयच्या कादंबरीवर बेतलेला ‘दुनिया क्या है’ स्वतः निर्माण केला, १९३९ मध्ये भालजी पेंढारकरांच्या ‘नेताजी पालकर’मध्ये काम केलं. म्हणजे १९४२ मध्ये जिला थप्पड बसली ती कुणी होतकरू पोर नव्हती. चौदा-पंधरा वर्षं कॅमेऱ्यासमोर घालवलेली, निर्मितीचं गणित कळणारी बाई होती. दंतकथेत हे सगळं गळून पडतं, कारण शोकांतिकेला कोवळी नायिकाच लागते.

आता तारखा पाहू. उपचार तीन वर्षं चालले असं सांगतात. ते खरं धरलं तरी १९४४ साली प्रभातचा ‘रामशास्त्री’ पडद्यावर आला आणि त्यात आनंदीबाई होत्या ललिता पवार. गजानन जागीरदारांच्या करारी रामशास्त्र्यांसमोर पेशव्यांच्या वाड्यातलं कारस्थान उभं करायचं, तेही प्रभातसारख्या कसून काम करून घेणाऱ्या संस्थेत, ही दया म्हणून कुणाला दिलेली भूमिका नव्हे. महाराष्ट्रातल्या लहान पोरालाही ठाऊक असलेली ही बाई केवळ दुष्ट दाखवली असती तरी प्रेक्षकांनी मान्य केलं असतं. इथे मात्र ती आधी महत्त्वाकांक्षी दिसते, मग धोकादायक. वय फक्त अठ्ठावीस. सासूपण अजून लांब होतं.

ते सासूपण आणि आईपण कुठून आलं, याचं उत्तर थपडेत शोधण्याआधी शेजारी पाहावं. दुर्गा खोटे १९३२ च्या ‘अयोध्येचा राजा’मधल्या तारामती, १९६० च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या सलीमच्या आई झाल्या. लीला चिटणीस यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. ‘कंगन’ (१९३९) आणि ‘बंधन’ (१९४०) या बॉम्बे टॉकीजच्या गाजलेल्या चित्रपटांत त्या अशोककुमारच्या नायिका होत्या. १९४८ च्या ‘शहीद’मध्ये त्या दिलीपकुमारची आई झाल्या आणि अशोककुमार मात्र १९४९ च्या ‘महल’मध्ये मधुबालाचा नायक. या दोघींना कुणी थप्पड मारली नव्हती. तिशी ओलांडलेल्या नटीला आईच्या रांगेत ढकलायचं हा धंद्याचा शिरस्ता होता, आणि त्याला अपघाताची गरज नव्हती. ललिता पवार ‘दाग’मध्ये (१९५२) ज्या दिलीपकुमारची आई झाल्या तो त्यांच्याहून जेमतेम साडेसहा वर्षांनी लहान. ‘हम दोनों’मधल्या देव आनंदची गोष्ट जवळपास तशीच. थपडेची कथा वारंवार सांगण्यात एक सोय आहे: एका माणसाच्या हाताकडे बोट दाखवलं की साऱ्या उद्योगाकडे बोट दाखवावं लागत नाही.

यावर कुणी म्हणेल, डोळ्याचं काय? तो बारीक झालेला डोळा दिग्दर्शकांनी वापरला नाही का? वापरला, आणि बाईंनी स्वतःही वापरला. हे नाकारण्यात अर्थ नाही. संशयानं पाहणारी, मनात हिशेब मांडणारी बाई दाखवायची तर त्या डोळ्याचा उपयोग होई, आणि कॅमेरा नेमका त्या बाजूनं लावला जाई. पण डोळ्यामुळेच दुष्टपणा साधत असता तर तोच डोळा माया दाखवताना आड यायला हवा होता. इथे १९५५ हे एक वर्ष पुरेसं आहे. गुरुदत्तच्या ‘मिस्टर अँड मिसेस ५५’मध्ये त्या मधुबालाची श्रीमंत, पुरुषद्वेष्टी आत्या आहेत, राज कपूरच्या ‘श्री ४२०’मध्ये मुंबईच्या रस्त्यावर केळी विकणाऱ्या गंगामाई. पहिलीच्या मानेत मालकीण आहे, दुसरीच्या बसण्यात दिवसभराची विक्री. गंगामाई राजवर खेकसते ते भाव करणाऱ्या बाईच्या सवयीनं. त्यात राग जेमतेम असतो. डोळा दोन्हीकडे एकच. बदलतात ते पाठीचा कणा, पावलं आणि वाक्य कुठे तोडायचं याची जाण, म्हणजे नेमकी मूकपटानं दिलेली आणि बोलपटानं पक्की केलेली विद्या.

चार वर्षांनी हाच पुरावा पुन्हा मिळतो. १९५९ मध्ये बिमल रॉय यांच्या ‘सुजाता’त त्या शिवाशीव पाळणाऱ्या बुआजी झाल्या आणि हृषीकेश मुखर्जींच्या ‘अनाडी’त मिसेस डिसा. बुआजीचा कडवेपणा मला अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण ती स्वतःला वाईट समजत नाही. आपण धर्मच राखतो आहोत अशी तिची खात्री आहे, आणि ललिताबाईंनी ती खात्री कुठेही मोडू दिली नाही. मिसेस डिसा ही वरून फटकळ, आतून भाडेकरूवर जीव लावणारी ख्रिस्ती घरमालकीण. पुढे नायकाच्या मालकाच्याच कंपनीच्या विषारी औषधानं तिचा जीव जातो आणि गमतीदार चाललेल्या चित्रपटाचा नूर पालटतो. हा भार सहायक भूमिकेवर टाकायचा तर प्रेक्षक त्या बाईत आधी गुंतलेला असावा लागतो. त्या कामाला फिल्मफेअर मिळालं. मुखर्जींनी त्यांना ‘मेम दीदी’त (१९६१) शीर्षकभूमिकाच दिली आणि ‘आनंद’मधल्या मेट्रनलाही डिसा हेच नाव ठेवलं. १९६१ चा संगीत नाटक अकादमी पुरस्कारही याच काळातला.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. पुढे त्यांच्या वाट्याला तोच तोच छळवाद आला, आणि त्यांनी तो नाकारला नाही. ‘सौ दिन सास के’ (१९८०) येईपर्यंत प्रेक्षक त्यांना पाहताच शिव्या घालायला तयार होऊन बसत. यात तथ्य आहे. शेकडो चित्रपट करणाऱ्या कुठल्याही चरित्र नटाचं बरंचसं काम हे पोटापाण्याचं काम असतं, आणि त्यातल्या प्रत्येकात कला शोधणं म्हणजे भक्ती झाली. पण साचा लेखकांनी ओतला. हिंदी पटकथेला सुनेचे हाल करणारं कुणीतरी हवंच होतं, आणि त्या साच्यात इतर नट्याही बसवल्या गेल्याच. साचा हातात आल्यावर बाईंनी काय केलं, एवढाच प्रश्न नटापुरता उरतो. ‘प्रोफेसर’मध्ये (१९६२) हीच कडक पालक बाई म्हाताऱ्याचं सोंग घेतलेल्या शम्मी कपूरच्या प्रेमात पडते, लाजते, आरशात पाहू लागते. स्वतःच्याच प्रतिमेची इतकी मिश्कील थट्टा करायला साच्याची पुरती ओळख असावी लागते.

राहिली मंथरा. १९८७ मध्ये रामानंद सागर यांच्या ‘रामायण’नं त्यांना ज्या पिढीपुढे नेलं तिनं ना ‘रामशास्त्री’ पाहिला होता ना ‘अनाडी’, त्यामुळे थपडेची कथा याच पिढीत घट्ट रुजली असावी: तो डोळा पाहिला की कारण हवंसं वाटतं. वयाची सत्तरी उलटलेल्या त्या बाईंनी मंथरेला कैकेयीच्या माहेरची, तिच्या हितासाठी जीव पाखडणारी दासी केलं. ती आधी लाडीगोडी लावते, मग रुसते, मग घाबरवते. विष चढतं ते या क्रमानं, आणि तो क्रम आवाजात आहे. डोळे मिटून नुसतं ऐकलं तरी कैकेयीचं मन फिरताना कळतं.