चेमुल ते चौल : एका बंदराच्या नामरूपांचा विचार

अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिका नदीच्या मुखाजवळ वसलेले चौल हे आज नारळी-पोफळीच्या वाड्यांचे गाव आहे. बंदराची वर्दळ केव्हाच ओसरली. त्याचा प्राचीन इतिहास परकीयांच्या लेखनात विखुरलेला असून तो सारा याच गावाचा मानावयाचा की नाही, हे बरेचसे नावाच्या निर्णयावर अवलंबून आहे. ग्रीक लेखकांचे ‘सेमुल्ला’ किंवा ‘सिमुल्ला’ आणि अरबांचे ‘सैमूर’ म्हणजे चेंबूर असावे, असेही काही अभ्यासकांनी सुचविले होते. अशा ठिकाणी नुसत्या नादसाम्यावर न विसंबता ध्वनिपरिवर्तनाची कसोटी लावणेच इष्ट होय.

कान्हेरीच्या शिलालेखांत ‘चेमुल’ हे रूप आढळते. ग्रीक व अरबी या दोन्ही भाषांत ‘च’ नाही. त्याच्या जागी ‘स’ येणे स्वाभाविक आहे. इ. स. १५० च्या सुमाराचा टॉलेमी तर व्यापाऱ्यांच्या हवाल्याने असे नमूद करतो की, सिमुल्ला या ठिकाणास तेथील रहिवासी ‘तिमुला’ म्हणतात. एकाच नावाचा आरंभ एका कानास ‘स’ व दुसऱ्या कानास ‘त’ वाटावा, याचा उलगडा मूळ वर्ण ‘च’ मानल्यानेच नीट होतो. भूगोलकाराच्या हातून नकळत घडलेली ही ध्वनिनोंद मोठी मोलाची आहे.

मधल्या ‘म’काराची वाट मराठीच्या अभ्यासकास परिचितच आहे : ग्राम-गाव, नाम-नाव. शिलाहारांच्या ताम्रपटांतील ‘चेमुल्य’ हे संस्कृतीकृत रूप बाजूस ठेविल्यास चेमुल, चेवुल, चेऊल, चौल असा क्रम लागतो. यातील ‘व’कारयुक्त पायरी निव्वळ कल्पित नव्हे. पंधराव्या शतकात येथे उतरलेला रशियन व्यापारी अफनासी निकितिन गावाचे नाव ‘च्युविल’ असे लिहितो; मराठी कागदपत्रांत ‘चेऊल’ येते. चेंबूरच्या पक्षात मात्र ‘म’ टिकून त्यावर ‘ब’ चढला आणि ‘ल’चा ‘र’ झाला, असे मानावे लागते. हे अशक्य नाही, कारण सैमूरातही ‘र’ आहेच; परंतु मधल्या रूपांचा आधार चौलकडे आहे.

इ. स. ९१६ च्या सुमारास सैमूरास आलेला मसुदी तेथील, तसेच सोपारा व ठाणे येथील भाषेस ‘लारी’ म्हणतो. हा शब्द लाट देशावरून आला. तेवढ्यावरून चौलची बोली गुजराती होती असे अनुमान काढणे घाईचे ठरेल. दर्यावर्दी लोक एका किनाऱ्यास एकच नाव देऊन मोकळे होतात.

पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये रेवदंड्यास कोट उभारण्यास प्रारंभ केला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. खाडीपलीकडील कोर्लई गावात पोर्तुगीज व मराठी यांच्या संपर्कातून घडलेली बोली अद्याप बोलली जाते. तिचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.