भाडेवास्तूतील सेवाखर्च

भाडेवास्तूतील सेवाखर्च : भाड्याने दिलेल्या निवासी जागेत पाणी, वीज, इंधनवायू, मलनिःसारण, जिन्यातील दिवे, लिफ्ट इ. सेवांसाठी येणारा खर्च. तो घरमालकाने सोसावयाचा की भाडेकरूने, याचे सर्वत्र लागू पडणारे एकच उत्तर भारतीय कायद्यात नाही. प्रश्न वस्तुतः दोन आहेत : सेवा पुरविणाऱ्या संस्थेच्या दप्तरी देणेकरी कोण, हा एक, आणि मालक व भाडेकरू या दोघांत त्या रकमेचा भार अखेर कोणी उचलावयाचा, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर अधिनियम, नियम आणि देयकावरील नाव यांवरून मिळते, तर दुसऱ्याचे मुख्यतः करारावरून. या दोहोंची गल्लत झाली, की मालकाकडे नियमितपणे पैसे भरणाऱ्या भाडेकरूचे पाणी तुटते, किंवा भाडेकरू निघून गेल्यावर त्याची वीजथकबाकी मालकाच्या माथी येते. पुढील विवेचन प्रामुख्याने महाराष्ट्रातील स्थितीविषयी आहे.

मुंबईच्या चाळींत हे दोन प्रश्न दीर्घकाळ वेगळे जाणवलेच नाहीत. सामाईक नळ, शौचकूप व जिन्यातील दिवा यांचा खर्च मालक भाड्यातूनच भागवी. बिऱ्हाडागणिक पाणी मोजण्याची सोय नव्हती. १९१८ च्या युद्धकालीन भाडेनिर्बंधांनंतर १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण अधिनियमाने प्रमाणभाडे सामान्यतः १ सप्टेंबर १९४० च्या पातळीशी बांधून टाकले. भाडे गोठले, पण पालिकेचे कर व पाणीपट्टी गोठली नाही. परिणामी कायद्याने भाड्याव्यतिरिक्त ‘अनुज्ञेय वाढ’ मान्य केली. गोठविलेल्या भाड्याच्या तरतुदी काळाच्या ओघात अवाजवी ठरल्या आहेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणी डिसेंबर १९९७ मध्ये म्हटले आणि त्यानंतर महाराष्ट्र भाडेनियंत्रण अधिनियम, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून अंमलात आला. त्याने भाड्यात दरवर्षी ४ टक्के वाढ करण्याचा हक्क मालकास दिला. शिवाय शासन वा स्थानिक प्राधिकरण यांनी बसविलेला नवा कर किंवा करातील वाढ भाड्यात मिळविण्याची मुभा कलम १२ मध्ये आहे. मात्र ही वाढ प्रत्यक्ष कराच्या रकमेपेक्षा अधिक असता कामा नये. अशा प्रकारे करार मूक असला, तरी वाढीव कराचा भार भाडेकरूवर येऊ शकतो, जरी मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ अन्वये भाड्याने दिलेल्या वास्तूचा मालमत्ता कर प्रथमतः भाड्याने देणाऱ्याकडून वसूल करावयाचा असतो.

खर्च कोणीही द्यावयाचा असो, सेवा तोडण्याचा अधिकार मालकास नाही. न्याय्य वा पुरेशा कारणाशिवाय भाडेकरू उपभोगीत असलेला कोणताही अत्यावश्यक पुरवठा तोडण्यास वा रोखून ठेवण्यास १९९९ च्या अधिनियमाचे कलम २९ मनाई करते. पाणी, वीज, मार्गिका व जिने यांतील दिवे, लिफ्ट आणि स्वच्छताविषयक सेवा यांचा त्यात समावेश होतो. या कलमाचे खरे मर्म त्याच्या स्पष्टीकरणात आहे. मालकाच्या कृतीमुळे किंवा कसुरीमुळे पालिकेने अथवा अन्य सक्षम प्राधिकरणाने पुरवठा तोडला, तर तोही मालकानेच रोखला असे मानले जाते. भाड्यासोबत पाण्याचे पैसे घेऊन ते पालिकेत न भरणाऱ्या मालकास ‘नळ मी तोडला नाही’ असा बचाव त्यामुळे करता येत नाही. भाडेकरूस न्यायालयाकडे अर्ज करून पुरवठा पूर्ववत् करून घेता येतो.

न्यायालयात जाण्यापूर्वीचा एक जुना उपाय मात्र फारसा परिचित नाही. संपत्ती हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ नुसार, विरुद्ध करार वा स्थानिक प्रथा नसेल तर, पट्टाकाराने टाळलेली जी रक्कम पट्टेदाराकडून किंवा त्या मालमत्तेतून वसूल होऊ शकते, ती पट्टेदारास स्वतः भरता येते आणि व्याजासह भाड्यातून वळती करता येते. अर्थात पावती जपून ठेवणे व मालकास लेखी कळविणे इष्ट. अन्यथा वळती केलेली रक्कम भाड्याची थकबाकी म्हणून दाखविली जाण्याचा धोका राहतो.

विजेची गोष्ट निराळी आहे. मीटर बहुधा घरागणिक असल्याने वापर कोणाचा हे सहज कळते व वाद लवकर सुटतात. विद्युत् अधिनियम, २००३ चे कलम ४३ वास्तूच्या मालकाच्या किंवा भोगवटादाराच्या अर्जावर वीज देण्याचे कर्तव्य वितरण परवानाधारकावर टाकते. मालकाने ना-हरकत पत्र दिले नाही एवढ्याच कारणाने भाडेकरूस वीज नाकारता येणार नाही. अर्जदार त्या जागेत राहतो किंवा नाही एवढेच पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिलीप विरुद्ध सतीश या प्रकरणी २०२२ मध्ये स्पष्ट केले. थकबाकी भरली नाही, तर पूर्ण १५ दिवसांची लेखी सूचना देऊन पुरवठा तोडता येतो. महाराष्ट्राच्या २००५ च्या वीजपुरवठा संहितेने पूर्वीच्या भोगवटादाराची थकबाकी वास्तूवरील बोजा ठरविली, मात्र वारसाव्यतिरिक्त नव्या मालकाची वा भोगवटादाराची जबाबदारी कमाल ६ महिन्यांच्या थकबाकीपुरती मर्यादित केली.

सहकारी गृहनिर्माण संस्थेतील सदनिकेत तिसरा पक्ष येतो. संस्थेचे देणे सभासदाचे असते. भाडेकरूशी संस्थेचा आर्थिक करार नसतो. आदर्श उपविधींनुसार सेवाशुल्क सर्व सदनिकांवर सारखे, तर पाण्याचा आकार नळजोडांची संख्या व आकार यांवरून वाटला जातो. ही पद्धत हिशेबास सोपी असली, तरी न्याय्य म्हणता येणार नाही : चार नळांच्या घरात एकटा राहणारा वृद्ध तीन नळांच्या घरातील सहा माणसांपेक्षा अधिक पैसे भरतो. जर्मनीत सामाईक तापनव्यवस्थेबाबत १९८१ च्या विनियमाने ही अडचण सोडविण्याचा प्रयत्न केला. तेथे खर्चाचा किमान ५० व कमाल ७० टक्के भाग मोजलेल्या वापरानुसार वाटावा लागतो आणि मालकाने वार्षिक हिशेब १२ महिन्यांत दिला नाही, तर सामान्यतः त्याचा उर्वरित मागणीचा हक्क संपतो. महाराष्ट्रात सदनिका भाड्याने देणाऱ्या सभासदाकडून संस्थेस बिगरभोगवटा शुल्क घेता येते. २००१ च्या शासन आदेशाने त्यास सेवाशुल्काच्या १० टक्के ही कमाल मर्यादा घातली. हे शुल्क मालकाचे असले, तरी अनेकदा कराराद्वारे ते भाडेकरूवर ढकलले जाते.

आज शहरांतील बहुसंख्य नवे व्यवहार ‘लीव्ह अँड लायसन्स’ पद्धतीचे, पुष्कळदा ११ महिन्यांच्या मुदतीचे असतात. कलम २९ ची भाषा ‘भाडेकरू’ या संज्ञेभोवती रचलेली असल्याने अशा परवानाधारकास मुख्यतः कराराचाच आधार उरतो. वीज व वायूचे देयक कोणाचे, संस्थेचे मासिक शुल्क भाड्यात धरलेले की वेगळे, ताबा देताघेताना मीटरवरील आकडा किती आणि अखेरचे देयक अनामत रकमेतून कसे वळते करावयाचे, हे त्यात नमूद असावे लागते. कलम ५५ अन्वये असा करार लेखी व नोंदणीकृत असणे आवश्यक असून नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ती त्याने टाळल्यास अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

केंद्र शासनाने २०२१ मध्ये राज्यांपुढे ठेवलेल्या आदर्श भाडेदारी अधिनियमात सेवांच्या दुरुस्तीची विभागणी अनुसूचीतच दिली आहे. करारात वेगळे ठरले नसेल तर नळवाहिन्या व वीजतारा बदलणे मालकाकडे, आणि नळाचे वॉशर, बटणे व सॉकेट यांची दुरुस्ती भाडेकरूकडे येते. मात्र तो राज्याने स्वीकारल्यावाचून तेथे लागू होत नाही.