जहाजाच्या कुशीवरची रेघ



मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून लाँचने रेवसला किंवा मोऱ्याला जाताना बंदरात नांगरून पडलेली मालवाहू जहाजे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. पुढच्या वेळी एखादे जहाज जवळून दिसले, तर त्याच्या लांबीच्या मधोमध, कुशीवर नीट पाहा. तेथे एक वर्तुळ रंगवलेले असते आणि त्याला छेदून जाणारी एक आडवी रेघ असते. शेजारी शिडीच्या पायऱ्यांसारख्या आणखी काही लहान रेघा असतात. वर्तुळाचा व्यास अवघा ३० सेंटिमीटर, म्हणजे तुमच्या फूटपट्टीएवढा. पण दोनशे मीटर लांबीच्या जहाजात किती माल भरायचा, हे या रेघा ठरवतात. त्यांना भाररेषा म्हणतात. परदेशातून येणाऱ्या वस्तूचे वाहतूकभाडे कधी वाढते, कधी उतरते, त्यामागे इतर कारणांबरोबर या रेघाही असतात. कशा, ते आज पाहू.

एका सेंटिमीटरची किंमत

तरंगणारी वस्तू स्वतःच्या वजनाइतके पाणी बाजूला सारते, हे आर्किमिडीजचे तत्त्व तुम्ही शिकला आहात. आता समजा, पाण्याच्या पातळीशी एका जहाजाच्या आडव्या छेदाचे क्षेत्रफळ ५,००० चौरस मीटर आहे. जहाज आणखी १ सेंटिमीटर खाली गेले, तर ते ५,००० × ०.०१ = ५० घनमीटर जादा पाणी बाजूला सारील. समुद्राच्या एक घनमीटर पाण्याचे वस्तुमान सुमारे १.०२५ टन असते. म्हणजे एका सेंटिमीटरला ५१.२५ टन! दहा टनी पाच ट्रकांत भरावा इतका माल एका बोटाच्या रुंदीएवढ्या बुडण्यात सामावतो. जहाज वीतभर, म्हणजे २० सेंटिमीटर जास्त बुडवले, तर हजार टनांहून अधिक माल जादा जातो.

आता मालकाच्या दृष्टीने विचार करा. खलाशांचे पगार, बंदराचे शुल्क, विमा, इंधन हा खर्च हजार टनांनी फारसा बदलत नाही. म्हणून जादा मालाचे भाडे बहुतेक नफ्यातच जमा होते. उलट माल कमी भरावा लागला, तर तोच खर्च थोड्या टनांवर वाटला जातो आणि दर टनामागचे भाडे चढते.

मग जहाज काठोकाठ का भरू नये? कारण पाण्यावर राहिलेला जहाजाचा भाग फुकट गेलेला नसतो. लाट डेकवर चढली किंवा थोडे पाणी आत शिरले, तर हाच भाग पाण्यात उतरून जादा उत्प्लावक बल देतो आणि जहाजाला सावरतो. तो जहाजाचा राखीव साठा आहे. लोभाने तो खर्चून टाकला, तर वादळात जहाजाजवळ काहीच उरत नाही.

एका खासदाराचा संताप

हा लोभ एके काळी सर्रास चालत असे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधून जुनाट, बेसुमार भरलेली जहाजे समुद्रात जात. जहाज बुडाले तरी मालकाला विम्याचे पैसे मिळत. खलाशांचा मात्र जीव जाई. लोक अशा जहाजांना ‘शवपेट्या’ म्हणत.

डर्बी शहराचे खासदार सॅम्युएल प्लिम्सॉल यांनी १८७३ मध्ये पुस्तक लिहून ही स्थिती चव्हाट्यावर आणली. २२ जुलै १८७५ रोजी जहाजांविषयीचे विधेयक लांबणीवर टाकले गेले, तेव्हा त्यांचा तोल सुटला आणि भर सभागृहात त्यांनी जहाजमालक सभासदांना दुष्ट म्हटले. या वर्तनाबद्दल त्यांना पुढे माफी मागावी लागली, पण जनमत त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८७६ च्या कायद्याने भाररेषा सक्तीची झाली.

गंमत अशी, की रेघ कोठे काढायची हे कायद्याने मालकावरच सोडले होते! ती कोठेही काढली तरी कायदा पाळला असेच होई. ही पळवाट १८९० च्या कायद्याने बंद झाली आणि रेघेची जागा नियमाने ठरू लागली. पुढे १९३० मध्ये व नंतर १९६६ मध्ये आंतरराष्ट्रीय करार होऊन जगभरच्या जहाजांना सारखे नियम लागू झाले.

इतक्या रेघा कशासाठी?

एक रेघ पुरली नसती का? नाही, कारण सगळीकडचे पाणी सारखे नसते आणि सगळे ऋतूही सारखे नसतात.

पाण्याचेच पाहा. आपल्या जहाजाचे मालासकट वजन ५०,००० टन धरू. समुद्रात ते सुमारे ४८,७८० घनमीटर पाणी बाजूला सारील. नदीच्या गोड्या पाण्यात त्याला ५०,००० घनमीटर पाणी सारावे लागेल. फरक १,२२० घनमीटरांचा. त्याला ५,००० ने भागा. जहाज नदीत सुमारे २४ सेंटिमीटर जास्त बुडते. समुद्रात शिरताच ते आपोआप वर येते. म्हणून गोड्या पाण्यासाठी वेगळी, वरची रेघ असते.

ऋतूंसाठीही रेघा असतात. शांत उष्ण कटिबंधासाठी एक, तिच्या खाली उन्हाळ्याची आणि त्याखाली हिवाळ्याची. उन्हाळ्याच्या रेघेपर्यंत जहाज पाण्याखाली जितके असते, त्याच्या १/४८ इतके अंतर वर आणि तितकेच खाली सोडतात. जहाज १० मीटर बुडत असेल, तर हे अंतर सुमारे २१ सेंटिमीटर होते.

आता हाच नियम आपल्या किनाऱ्याला लावा. जगाच्या समुद्रांचे या कामासाठी विभाग पाडले आहेत आणि मोसमी पावसाच्या खवळलेल्या दिवसांत अरबी समुद्राला उष्ण कटिबंधाची सवलत मिळत नाही. मेच्या सुरुवातीला वरच्या रेघेपर्यंत भरता येणारे जहाज जुलैत उन्हाळ्याच्या रेघेपर्यंतच भरता येते. जहाज तेच, बंदर तेच, पण हजारएक टन माल धक्क्यावर राहतो. मुंबईहून निघून जानेवारीत उत्तर अटलांटिक ओलांडायचा असेल, तर हिवाळ्याच्या रेघेचा विचार कप्तानाला मुंबईतच करावा लागतो. वाटेत जळणाऱ्या इंधनाने जहाज किती हलके होईल, हेही तो हिशोबात धरतो.

नियम बदलला, की हिशोब बदलतो. १९६६ च्या करारात पोलादी, पाणी न शिरणारी झाकणे असलेल्या मोठ्या जहाजांना अटींवर अधिक खोल भरण्याची मुभा मिळाली. पूर्वीच्या लाकडी झाकणांपेक्षा ही झाकणे भक्कम होती, म्हणून राखीव साठा थोडा कमी करणे शक्य झाले.

पाणीच आटले तर?

कधी नियमापेक्षा निसर्गच आडवा येतो. पनामाचा कालवा १९१४ साली सुरू झाला. अटलांटिक व पॅसिफिक महासागरांमध्ये जहाजे पाण्याच्या कुलूपदारांतून सुमारे २६ मीटर वर चढतात, गातून सरोवर ओलांडतात आणि पलीकडे उतरतात. सरोवराचे पाणी गोडे. एक जहाज पार होताना सुमारे २० कोटी लिटर पाणी समुद्रात जाते. तेथील शहरांना पिण्याचे पाणीही याच खोऱ्यातून मिळते.

२०२३ मध्ये एल निनोमुळे पाऊस फार कमी पडला आणि सरोवराची पातळी उतरली. मोठ्या जहाजांना कालव्यात एरवी १५.२४ मीटर बुडण्याची परवानगी असते, ती १३.४१ मीटरवर आणावी लागली. मोठ्या कंटेनर जहाजाचा छेद १४,००० चौरस मीटर धरून तुम्हीच गुणाकार करा. १.८३ × १४,००० म्हणजे सुमारे २५,६०० टन! रोज पार होणाऱ्या जहाजांची संख्याही ३६ च्या आसपासहून पंचविसाच्याही खाली आली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लिलावात एका जहाजाने लवकर पार होण्यासाठी जवळजवळ ४० लाख डॉलर मोजले. हा खर्च शेवटी मालाच्या किमतीत मिसळतो. २०२४ च्या पावसाने पातळी सुधारली आणि निर्बंध उठले. पण जहाजांना पाणी द्यायचे की माणसांना, हा प्रश्न पुढच्या अवर्षणात पुन्हा उभा राहील.

घरी करून पाहा

एका परीक्षानळीत आलेखाच्या कागदाची पट्टी आतून बसवा. नळी उभी तरंगेल इतकी वाळू तिच्यात घाला. उंच बरणीत साधे पाणी घेऊन नळी तरंगवा आणि पाण्याची पातळी कागदावर पाहून लिहून ठेवा. मग दर लिटरला ३५ ग्रॅम मीठ विरघळवून पुन्हा मोजा. फरक दोन-तीन मिलिमीटरच येईल, तेव्हा डोळा पाण्याच्या पातळीत ठेवा. आणखी मीठ घालत गेलात, तर नळी वर वर येताना दिसेल. आता नळी पहिल्या खुणेपर्यंत परत बुडवायला किती वाळू घालावी लागते, ते वजन करून पाहा. तेवढी वाळू हा तुमच्या छोट्या जहाजाचा जादा माल. तो भरल्यावर बरणीत फुंकर मारून लाटा उठवा आणि पाणी नळीच्या काठापासून किती दूर राहते, ते पाहा. प्लिम्सॉल कशासाठी भांडले, ते तेथे कळेल.