संग्राह्य क्रीडाकार्डे

संग्राह्य क्रीडाकार्डे : खेळाडूचे चित्र, नाव व त्याच्या खेळाविषयीची माहिती छापलेली आणि छंद म्हणून जमविली जाणारी लहान, जाड कागदाची कार्डे. या छंदाचा उगम अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. सिगारेटची पाकिटे दुमडू नयेत म्हणून आत घातल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या तुकड्यांवर १८८० नंतरच्या दशकात बेसबॉलपटूंची चित्रे छापली जाऊ लागली. पुढे १९३० नंतर च्युइंगमच्या पुड्यांतून ती मुलांच्या हाती पडली. मूळची ही कार्डे मालाचा खप वाढविण्यासाठी दिलेली भेट होती. त्यांना मोल आले ते संग्राहकांच्या आपापसांतील व्यवहारांतून.

कार्डाचे मूल्य दुर्मिळता, मागणी व स्थिती यांवर अवलंबून असते. पैकी दुर्मिळता एकटी मूल्य निर्माण करू शकत नाही. १९०९–११ या काळात तंबाखूच्या उत्पादनांबरोबर वाटलेल्या व संग्राहकांत ‘टी २०६’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संचातील होनस वॅग्नर (१८७४–१९५५) याचे कार्ड सर्वाधिक प्रसिद्ध आहे. वॅग्नरच्या हरकतीमुळे त्याची छपाई लवकरच थांबली. मुलांनी कार्डासाठी तंबाखू घेऊ नये ही त्याची भूमिका होती, असे काही मानतात. तर काहींच्या मते वाद मोबदल्याचा होता. या कार्डाच्या सुमारे ५०–६० प्रती ज्ञात असून २०२२ मध्ये एक प्रत ७२ लाख ५० हजार डॉलरना विकली गेली. याच संचात जो डॉयल या गोलंदाजाच्या संघाचे नाव चुकीचे छापलेले एक कार्ड आहे. त्याच्या ज्ञात प्रती डझनापेक्षाही कमी आहेत. तरीही वॅग्नरच्या कार्डाएवढी किंमत त्याला येत नाही, कारण डॉयलची कीर्ती मर्यादित होती.

टॉप्स कंपनीच्या १९५२ च्या संचातील मिकी मँटल (१९३१–९५) याचे कार्ड हे दुसरे बोधप्रद उदाहरण. संचाचा अखेरचा भाग हंगाम सरत आल्यावर बाजारात आल्याने तो फारसा खपला नाही. उरलेली कार्डे १९६० च्या सुमारास अटलांटिक महासागरात बुडविली, असे कंपनीचा अधिकारी साय बर्गर याने पुढे सांगितले. या भागातील बहुतेक कार्डांच्या तुलनेत मँटलचे कार्ड दुप्पट छापलेले होते. तरीही २०२२ मध्ये त्याची एक उत्कृष्ट प्रत १ कोटी २६ लाख डॉलरना गेली.

स्थितीनुसार एकाच कार्डाच्या दोन प्रतींच्या किंमतींत अनेक पटींचा फरक पडतो. कोपरे, कडा, पृष्ठभाग व चित्राचे मध्यस्थान पाहून व्यावसायिक संस्था सामान्यतः १ ते १० अशी प्रतवारी करतात. या पद्धतीत फसवणुकीलाही वाव राहतो. वॅग्नरच्या एका नामांकित प्रतीच्या कडा आपण कातरल्याची कबुली एका विक्रेत्याने २०१३ मध्ये न्यायालयात दिली. मात्र मागणी एवढी प्रबळ होती, की २०१६ मध्ये तीच प्रत ३१ लाखांहून अधिक डॉलरना विकली गेली.

जुन्या कार्डांच्या किंमती पाहून १९८० नंतर अनेकांनी नवी कार्डे भविष्यातील ठेव म्हणून खोकी भरून जपली. कंपन्यांनीही ती अमाप छापली. परिणामी त्या काळातील बहुतेक कार्डे आजही विपुल व स्वस्त आहेत. जुनी कार्डे दुर्मीळ झाली, ती लोकांनी फेकून दिल्यामुळे. सर्वांनीच जपलेली वस्तू दुर्मीळ होत नाही, हे येथे प्रत्ययास आले. त्यानंतर कंपन्या मर्यादित संख्येची, क्रमांकित, प्रसंगी एकाच प्रतीची कार्डे काढू लागल्या. परंतु अशी योजनापूर्वक घडविलेली दुर्मिळताही संबंधित खेळाडूची लोकप्रियता टिकेल तोवरच मोलाची ठरते.